फॉन्ट बदलण्याआधी मूर्तिजापूर लिहून पाहा

‘फॉन्ट खराब आहे भाऊ, दुसरा टाक ना.’ पायथनच्या पिलो लायब्ररीतून मराठी प्रमाणपत्रं काढताना अक्षरं तुटली की अकोल्यात हा सल्ला हमखास मिळतो. पोरं दहा फॉन्ट उतरवतात. दहाही तसेच तुटतात.

जिल्ह्यातले सातही तालुके लिहून बघा. अकोला, अकोट, बाळापूर, पातूर बिनचूक उमटतात. तेल्हाऱ्यातल्या ‘ल’चा पाय मोडलेला दिसतो, बार्शीटाकळीतला रफार ‘शी’वर न चढता सुटा ‘र्’ होऊन उभा राहतो आणि मूर्तिजापूरची वेलांटी ‘त’ला सोडून ‘ज’ला चिकटते. फॉन्टच खराब असता तर चार तालुके कसे वाचले?

बिघाड जोडणीत आहे. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं: आधी ‘त’, मग वेलांटी. (कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत वेलांटी आधी टंकायची, म्हणून हा प्रश्न नव्हता.) ती डावीकडे नेणं, जोडाक्षर घडवणं हे हार्फबझ या इंजिनाचं काम. फॉन्टात जोडाक्षर असतं, पण ते मागणारं कुणी लागतं.

पिलो २०१७ पासून हे काम हार्फबझ वापरणाऱ्या ‘रक्म’ लायब्ररीकडून करून घेते. २०२१ च्या ८.२ आवृत्तीपासून रक्म तयार पॅकेजातच येते, पण तिला चालायला फ्रिबिडी लागते. विंडोजवर ती आपली आपण आणून ठेवायची. आणि फ्रिबिडी कशासाठी? अरबी, हिब्रू अशा उजवीकडून लिहायच्या लिप्यांसाठी! मराठी वेलांटीसाठी अरबीची फाइल शोधावी, हे कुणाला सुचणार? वर ती नसेल तर पिलो एरर देत नाही, गुपचूप साध्या मांडणीवर उतरते.

‘माहितीपुस्तिकेत लिहिलेलंच नाही’ हेही अर्धंच खरं. लिहिलंय, इन्स्टॉलेशनच्या पानावर, ऐच्छिक लायब्ररींच्या यादीत. आपल्यासाठी ती ऐच्छिक नाही, हे मात्र आपणच ओळखायचं. यात लपवाछपवी नाही. लिनक्सवर फ्रिबिडी बहुधा आधीच असते; लिहिणाऱ्याच्या मशीनवर काही अडलेलंच नसतं.

असे आणखीही समज कानावर येतात. ‘फुकटचं सॉफ्टवेअर असंच असायचं.’ हार्फबझ फुकटच आहे आणि क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड त्यावरच चालतात.

‘पिप केलं की सगळं आलं.’ चित्रातला मजकूर वाचणारं पायटेसरॅक्ट घ्या: पिपने तेवढंच येतं. टेसरॅक्ट इंजिन वेगळं, त्याची मराठीची फाइल आणखी वेगळी.

‘झीलाटेकला देवनागरी फॉन्ट दिला की झालं.’ टाइपसेटिंगच्या या साधनाला लिपी देवनागरी आहे हेही सांगावं लागतं.

पिलोवरचा सगळ्यात वाईट उपाय म्हणजे वेलांटी मुद्दाम आधी टाइप करणं. चित्रात वेलांटी जागेवर दिसते, पण नावांची यादी बिघडते: उद्या मूर्तिजापूर शोधाल तर सापडणार नाही. त्यापेक्षा पिलोच्या ‘फीचर्स’ मॉड्यूलला रक्म आहे का विचारा. उत्तर ‘नाही’ असं आलं, तर फॉन्टला हातही लावू नका; फ्रिबिडीची डीएलएल आणा आणि आधी मूर्तिजापूरच छापून बघा.