एक आज्ञा आणि हजार कुलुपें

घरांतील एका कपाटाचें कुलूप बदलावयाचें असेल तर माणूस दोन वेळां विचार करितो. संगणकांतील हजारों फायलींचीं कुलुपें मात्र एका ओळीच्या आज्ञेनें, विचार पुरा होण्यापूर्वींच, बदलून जातात. शेल म्हणजे संगणकास शब्दांनीं हुकूम देण्याची चौकट. तींत कांहीं अक्षरें उमटवावीं, एक कळ दाबावी, कीं काम झालें. सोयीची गोष्ट ती हीच आणि भीतीचीही हीच. कारण पूर्वीं कोणत्या फाइलीस कोणता परवाना होता याची नोंद ही आज्ञा कोठेंही ठेवीत नाहीं, व झालेलें मागें घेण्याची सोय तिच्यांत नाहीं.

या व्यवस्थेचें मूळ अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत आहे. तेथें १९६९ सालीं केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. त्या काळीं यंत्र एक आणि वापरणारे अनेक, असा प्रकार होता. तेव्हां एकाचें लिखाण दुसऱ्यानें वाचावें कीं नाहीं, हें ठरविणें भागच होतें. नोव्हेंबर १९७१ मध्यें निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या हस्तपुस्तिकेंत परवाने बदलण्याची आज्ञा आढळते. ‘चेंज मोड’ या शब्दांचा संक्षेप करून तिचें नांव ‘सीएच-मॉड’ असें ठेविलें आहे. आरंभीं मालक आणि इतर असे दोनच वर्ग होते. गट हा तिसरा वर्ग मागाहून आला. आज लिनक्सवर चालणारें यंत्र, ॲपलचा मॅक, इतकेंच नव्हे तर अँड्रॉइड फोनचा गाभा, या सर्वांत हीच मांडणी थोड्याफार फरकानें नांदते आहे.

वर्ग तीन, अधिकारही तीन: वाचणें, लिहिणें आणि चालविणें. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे अंक दिलेले आहेत. त्यांची बेरीज कोणतीही आली तरी ती कोणत्या अधिकारांनीं झाली हें निःसंशय कळतें. ६ म्हणजे वाचणें व लिहिणें, ५ म्हणजे वाचणें व चालविणें, ७ म्हणजे तिन्ही. मग मालक, गट व इतर यांचे तीन अंक शेजारीं शेजारीं मांडले कीं परवाना तयार होतो. ६४४ म्हणजे मालकानें वाचावें व लिहावें, बाकीच्यांनीं केवळ वाचावें. ७५५ म्हणजे मालकास सर्व कांहीं, इतरांस वाचणें व चालविणें. एक मौज अशी कीं, यंत्र प्रथम मालक पाहतें आणि तेथेंच थांबतें. मालकाचा अंक शून्य ठेवला आणि इतरांचा ४, तर परका मनुष्य फाइल वाचतो आणि खुद्द मालकास नकार मिळतो. अर्थात् परवाना बदलण्याचा हक्क मालकाकडेच असल्यामुळें तो हा अन्याय क्षणांत दूर करूं शकतो.

फाइलीच्या बाबतींत हे तीन अधिकार सरळ आहेत. फोल्डरच्या बाबतींत मात्र तेच शब्द निराळा अर्थ धारण करितात, आणि घाऊक बदलांतील पुष्कळ घोटाळे येथेंच जन्म घेतात. फोल्डर म्हणजे वाड्यांतील एक खोली समजावी. वाचण्याचा अधिकार म्हणजे खोलींत काय काय आहे याची दारावर लावलेली यादी वाचण्याचा अधिकार. चालविण्याचा अधिकार म्हणजे उंबरठा ओलांडण्याचा अधिकार. यादी दिसते पण उंबरठा ओलांडतां येत नाहीं, असें झालें तर वस्तूंचीं नांवें कळतात, वस्तु हातीं लागत नाहींत. उलट, यादी दिसत नाहीं पण आंत जातां येतें, असें असेल तर ज्यास वस्तूचें नेमकें नांव ठाऊक आहे तो अंधारांतही ती उचलून आणितो. लिहिण्याचा अधिकार याहून चमत्कारिक. उंबरठा मोकळा असला कीं खोलींत नवी वस्तु ठेवणें, असलेली काढून टाकणें, तिचें नांव बदलणें, हें सर्व त्यांत येतें. म्हणून फाइल कितीही बंदोबस्तांत ठेविली, तरी तिच्या फोल्डरावर लिहिण्याचा अधिकार दुसऱ्यास असेल तर तो ती वाचूं शकणार नाहीं, पण नाहींशी करूं शकेल! तात्पुरत्या फायलींच्या सार्वजनिक फोल्डरावर याच कारणासाठीं ‘स्टिकी बिट’ नांवाची एक जादा खूण असते; ती असली म्हणजे सामान्य माणसास दुसऱ्याची फाइल पुसतां येत नाहीं.

आतां घाऊक बदलाकडे वळावयाचें. समजा, कुटुंबांतील जुन्या छायाचित्रांचा संग्रह पेनड्राइव्हवरून लिनक्सच्या संगणकावर उतरविला. पेनड्राइव्हवर बहुधा आढळणारी ‘फॅट’ ही मांडणी युनिक्सचे परवाने मुळीं सांठवीतच नाहीं. त्यामुळें तेथील सर्व फायलींना एकच ठराविक परवाना बहाल होतो, आणि पुष्कळ वेळां आजोबांच्या छायाचित्रासही ‘चालविण्याचा’ अधिकार चिकटून येतो. इच्छा अशी कीं, फायली ६४४ व्हाव्या आणि फोल्डर ७५५ व्हावे.

नवशिका मनुष्य सीएच-मॉड या आज्ञेस वजा चिन्ह व मोठें ‘आर’ जोडतो. त्याचा अर्थ, या फोल्डरापासून खालीं जें जें आहे त्या सर्वांस हें लागू करावें. पुढें तो ६४४ लिहितो आणि काय होतें? सर्वांत वरच्या फोल्डराचा उंबरठाच प्रथम बंद होतो, आणि आंत शिरूं पाहणारी ती आज्ञा स्वतःच्याच हातानें लावलेल्या दारावर डोकें आपटून परत येते. घाबरून तो ६४४ च्या जागीं ७५५ लिहितो. दारें उघडतात खरीं, पण प्रत्येक छायाचित्र पुन्हां ‘चालविण्याजोगा’ कार्यक्रम होऊन बसतें. जाणते लोक येथें मोठ्या ‘एक्स’ची शिफारस करितात. लहान एक्स सर्वांस चालविण्याचा अधिकार देतो. मोठा एक्स तो केवळ फोल्डरांना आणि ज्या फायलींना तो आधींच आहे अशांना देतो. युक्ति सुंदर आहे. परंतु या संग्रहांतील छायाचित्रांना तो अधिकार आधींच चिकटलेला असल्यामुळें मोठा एक्स त्यांना तो तसाच राहूं देतो.

खरा उपाय ‘फाइंड’ या आज्ञेकडे आहे. ती प्रथम शोधते, मग हुकूम बजावते. फाइंड, त्यापुढें संग्रहाचें नांव, त्यापुढें ‘टाइप डी’ ही अट. म्हणजे केवळ फोल्डर वेंचले जातात. त्यापुढें ‘एक्झेक’ हा शब्द, मग सीएच-मॉड ७५५, मग महिरपी कंसांची रिकामी जोडी आणि शेवटीं अधिक चिन्ह. त्या रिकाम्या कंसांत सांपडलेलीं नांवें जाऊन बसतात. दुसऱ्या फेरींत ‘डी’ च्या जागीं ‘एफ’ आणि ७५५ च्या जागीं ६४४. शेवटीं अधिक चिन्हाऐवजीं अर्धविराम दिला तरी काम होतें, पण मग प्रत्येक फाइलीसाठीं आज्ञा नव्यानें सुरू होते. अधिक चिन्ह नांवांच्या मोठ्या मोळ्या बांधून एकेका खेपेस नेतें. फायलींच्या नांवांत मोकळी जागा असली तरी या रीतीनें गोंधळ होत नाहीं. ‘एक्झेक’ पासूनचा भाग गाळून आज्ञा आधीं एकदां चालवावी. मग कोणत्या गोष्टींना हात लागणार आहे त्याची नुसती यादी समोर येते.

कांहींच जमेना म्हणजे सर्वांस ७७७ देऊन मोकळें होण्याची एक वाईट चाल आहे. हा अंक म्हणजे घराचीं सर्व दारें काढून ठेवणें होय. त्यांतही ही आज्ञा प्रमुखाच्या अधिकारानें, म्हणजे ‘रूट’ म्हणून, दिली आणि चालू फोल्डराचा ठिपका व त्यापुढील तिरकी रेघ यांमध्यें चुकून मोकळी जागा पडली, तर अनर्थ ओढवतो. कारण एकट्या तिरक्या रेघेचा अर्थ संपूर्ण संगणक असा आहे. दारें उघडतात आणि शिवाय कांहीं कार्यक्रमांवरची एक मोलाची खूणही पुसली जाते. कार्यक्रम चालविणाऱ्याच्या नव्हे तर मालकाच्या अधिकारानें चालावा, अशी ती ‘सेट यूजर आयडी’ नांवाची खूण. ही रिचींची कल्पना; तिचें पेटंट १९७९ मध्यें मंजूर झालें. सामान्य माणसास थोडा वेळ प्रमुखाचे अधिकार मिळवून देणारा ‘सुडो’ हा कार्यक्रम याच खुणेवर उभा आहे. ती गेली कीं ज्या हत्यारानें बिघाड दुरुस्त करावयाचा तेंच मोडतें. दूरच्या यंत्राशीं सुरक्षितपणें बोलणारा ‘एसएसएच’ हाही, आपली खाजगी किल्ली इतरांस वाचतां येते असें दिसतांच, ती वापरण्याचें नाकारतो.

लिनक्सवर यासाठीं आधीं एक पायरी घेतां येते. ‘गेट-एफएसीएल’ या आज्ञेस मोठें ‘आर’ जोडून संग्रहाचे सर्व परवाने एका साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घ्यावे. पुढें कांहीं बिघडलें तर ‘सेट-एफएसीएल’ या आज्ञेस ‘रिस्टोअर’ हा शब्द व त्या फाइलीचें नांव द्यावें. प्रत्येक परवाना आपल्या जागीं परत बसतो. मात्र उतरवून घेतेवेळीं ज्या फोल्डरांत उभें राहून आज्ञा दिली, परत बसवितांनाही त्याच फोल्डरांत उभें राहावें लागतें, कारण त्या फाइलींत नांवांचे मार्ग तेथूनच मोजलेले असतात; आणि ती फाइल संग्रहाच्या बाहेर ठेवावी लागते.