चिखलाचा डोंगर, डोंगराची वीज

शाळेतली दगडी पाटी आठवते? तो गुळगुळीत, टणक दगड मुळात काय असतो, सांगा पाहू! चिखल. समुद्रतळाशी साचलेला निव्वळ चिखल!

हे नवल पाहायचं तर वेल्समध्ये, वेल्श लोकांच्या मायभूमीत जावं. तिथल्या लानबेरिसच्या खाणींतला पाटीचा दगड 50 कोटी वर्षांहून जुना. असा दगड फोडणारा कारागीर शिळेवर छिन्नी टेकवतो, हलका ठोका देतो आणि काही मिलिमीटर जाडीचा सरळसोट पापुद्रा सुटतो.

चिखल थराथरांनी साचला, म्हणून दगड तसा सुटतो, असं वाटतं ना? साफ चूक! मूळ थर राहतात एका दिशेला आणि दगड फुटतो भलत्याच दिशेला. असं का व्हावं?

सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी, आयापेटस नावाचा अख्खा महासागर मिटून भूखंड एकमेकांना भिडले आणि चिखलाचा तो दगड प्रचंड दाबाखाली सापडला. ओंजळीतले पोहे दोन तळहातांत दाबून पाहा. चपटे पोहे तळहातांना समांतर बसतात. दगडातल्या अभ्रकासारख्या खनिजांच्या सूक्ष्म चकत्याही तशाच एका दिशेत बसल्या. दगड सुटतो तो त्यांच्यामधून! भूवैज्ञानिक हेन्री सॉर्बी यांनी 1853 मध्ये हे कोडं उलगडलं. पुरावा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो: लानबेरिसच्या जांभळ्या दगडातले हिरवट ठिपके. एके काळी ते गोल होते, आता चेपून लंबगोल झालेत. दाबाची नोंद दगडानंच ठेवली!

एकोणिसाव्या शतकात या दगडानं देशोदेशीची छपरं शाकारली. आणि तो फोडणारे? वेल्श बोलणारे कामगार जेवणाच्या सुट्टीत खाणीतल्या खोपटात वादविवाद आणि कवितांच्या स्पर्धा रंगवत. 1884 मध्ये वेल्समधल्याच बँगोरला विद्यापीठ-महाविद्यालय उभं राहिलं, तेव्हा त्यांनी आपल्या मजुरीतून वर्गणी दिली.

लानबेरिसजवळची डिनॉर्विक खाण 1969 मध्ये बंद झाली. गोष्ट संपली? छे! त्याच डोंगराचं पोट पोखरून 1984 मध्ये वीजकेंद्र सुरू झालं. मागणी कमी असताना खालच्या तळ्यातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. पूर्ण क्षमतेनं वीज मिळायला लागतात जेमतेम काही सेकंद.

2021 मध्ये युनेस्कोनं वायव्य वेल्सच्या या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. चिखलाला याहून मोठा मान कुठे मिळाला असेल, तर जरूर कळवा!