खुडूक कोंबडी

एरवी अंगणभर हिंडणारी, उकिरडा उकरणारी कोंबडी एखाद्या दिवशी अंडे घालून उठतच नाही. जवळ गेले तर पिसे फुलवते, 'खुड्क खुड्क' असा आवाज काढते, हात पुढे केला तर चोच मारते. अशा वेळी लोक म्हणतात, "कोंबडी खुडूक झाली." उर्दूत आपण अशा कोंबडीला 'कुडक' म्हणतो. दोन्ही शब्द किती जवळचे आहेत, पाहा!

कोंबडी खुडूक का होते? काही दिवस अंडी घातल्यावर तिच्या मेंदूखालच्या एका छोट्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात रक्तात मिसळू लागते. त्यामुळे तिचे अंडी घालणे थांबते आणि ती अंड्यांवर बसू लागते. तिच्या पोटाखालची पिसे झडतात. त्या उघड्या कातडीची ऊब अंड्यांना थेट मिळते.

कोकणातल्या पुष्कळ घरांत कोंबड्या घरातल्या बाईच्या मालकीच्या असतात. अंडी आणि कोंबड्या विकून आलेल्या पैशांतून मुलांच्या वह्या-पेन्सिली येतात, अडीअडचण भागते. म्हणून खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवणे म्हणजे हाती असलेला पैसा पणाला लावणे होय. नीट काळजी घेतली, तर बरीच पिल्ले मिळतील. हयगय केली, तर अंडीही गेली आणि पिल्लेही गेली.

पहिले काम अंडी निवडण्याचे. ज्या कळपात कोंबडा असतो, त्याच कळपातील कोंबड्यांची अंडी फळतात. दुकानात मिळणारी पांढरी अंडी मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांतून येतात. तेथे कोंबडा नसतो, म्हणून त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती थंड, सावलीच्या जागी, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. तडा गेलेले किंवा वेड्यावाकड्या आकाराचे अंडे घेऊ नये. अंडी पाण्याने धुऊ नयेत. कवचावर एक पातळ थर असतो आणि तो रोगजंतूंना आत जाऊ देत नाही. धुतल्यावर तो थर निघून जातो.

नंतर जागा तयार करावी. एका रुंद टोपलीत राख किंवा भाताचे तूस घालून त्यावर मऊ पेंढा पसरावा. टोपली शांत, अंधाऱ्या पण हवेशीर कोपऱ्यात ठेवावी. तेथे उंदीर, साप, मांजर पोहोचता कामा नये. सगळी अंडी एकाच वेळी ठेवावीत, म्हणजे पिल्ले एकाच वेळी निघतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या कोंबडीने तेथे अंडे घातले, तर ते लगेच ओळखता येते. कोंबडीला रात्रीच्या वेळी अंड्यांवर बसवावे. अंधारात ती शांत राहते. यालाच कोकणात काही ठिकाणी 'रवणीला बसवणे' असे म्हणतात.

आता एकवीस दिवसांचे काम सुरू होते. अंड्यांना साधारण ३७.५ अंश सेल्सिअस ऊब लागते. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते. अंडी फिरली नाहीत, तर आतला जीव कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटून मरतो. ती दिवसातून एकदा, थोडा वेळच उठते. त्या वेळी दाणे खाते, पाणी पिते आणि धुळीत लोळते. धुळीत लोळल्याने अंगावरच्या उवा कमी होतात. म्हणून जवळच दाणे, पाणी आणि कोरडी माती ठेवावी.

सातव्या रात्री प्रत्येक अंडे विजेरीच्या प्रकाशासमोर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर अंडे फळले आहे. ते स्वच्छ, रिकामे दिसले, तर काढून टाकावे. असे अंडे सडून फुटले, तर चांगल्या अंड्यांनाही धोका असतो.

विसाव्या दिवसाच्या सुमारास अंड्यातूनच बारीक 'चिव चिव' ऐकू येते. आई बाहेरून हळू आवाजात उत्तर देते! पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक छोटा कठीण दात असतो. त्याने ते कवचाला भोक पाडते. भोक पाडल्यापासून बाहेर येईपर्यंत काही तास, कधी पूर्ण एक दिवसही जातो. पिल्लाची धडपड पाहून आपल्याला दया येते. कवच सोलून त्याला मदत करावीशी वाटते. परंतु असे कधीही करू नये. पापुद्र्यातल्या शिरांत अजून रक्त असते आणि अंड्यातील बलक पिल्लाच्या पोटात जात असतो. घाईने कवच काढले, तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरू शकते. येथे वाट पाहणे हीच खरी मदत होय.

पोटात गेलेल्या बलकामुळे पिल्लू दोन दिवस दाण्यांवाचून राहू शकते. त्यानंतर बारीक कण्या आणि उथळ भांड्यात पाणी द्यावे. पिल्ले बुडू नयेत म्हणून पाण्यात खडे टाकावेत. खरे संकट आता सुरू होते. वर घार असते, खाली मुंगूस आणि मांजर असते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस आई-पिल्लांना डालग्याखाली ठेवावे. राणीखेत रोगाने सारा कळप मरू शकतो. त्याची लस पहिल्या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यातून द्यावी.

लेगहॉर्नसारख्या जाती फार क्वचित खुडूक होतात. जास्त अंडी मिळावीत म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांची ही सवय घालवली. त्यांची पिल्ले यंत्रात उबवतात. अंडी थांबतात म्हणून काही लोक खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवतात किंवा तिच्या नाकात पीस खुपसतात. हे क्रूरपणाचे आहे. तिला काही दिवस उजेडाच्या, हवेशीर पिंजऱ्यात ठेवले, तरी ती पुन्हा अंडी घालू लागते.

यंत्र ऊब देते आणि अंडीही फिरवते. पण अंड्यातून आलेल्या आवाजाला उत्तर देणे, दाणा कोणता ते दाखवणे आणि घार दिसताच पंखांखाली घेणे ही कामे आईच करते.