मुंबईतील चिनी वस्ती : श्रम, देवालय आणि नागरिकत्व

भारत आणि चीन यांच्या संबंधांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम भिक्खू उभे राहतात. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला फा-हियान आणि सातव्या शतकात आलेला ह्युएन-त्संग यांची प्रवासवर्णने नसती, तर बौद्ध भारताच्या इतिहासातील अनेक दुवे कायमचे हरवले असते. ह्युएन-त्संगाने तर दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्र प्रत्यक्ष पाहिला आणि येथील लोकांचा स्वभाव नोंदवून ठेवला. सोलापूरकरांना या संबंधातील आणखी एक नाव विशेष जवळचे आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मृत्यू पावले.

परंतु या थोर प्रवाशांखेरीज आणखी एक प्रवाह दोन देशांमध्ये वाहत होता. तो खलाशांचा, सुतारांचा, चामडे कमावणाऱ्यांचा आणि फेरीवाल्यांचा होता. त्यांनी प्रवासवर्णने लिहिली नाहीत आणि त्यांचे पुतळेही कोणी उभारले नाहीत. ते पोट भरण्यासाठी आले आणि येथेच राहिले. प्रस्तुत लेखात आम्ही मुंबईतील चिनी वस्तीचा इतिहास थोडक्यात मांडणार आहोत आणि आवश्यक तेथे कलकत्त्याच्या चिनी वस्तीचा आधार घेणार आहोत. या इतिहासातून एक प्रश्न उभा राहतो. परक्या भूमीत येऊन पिढ्यान् पिढ्या घाम गाळणारा माणूस त्या भूमीचा केव्हा होतो, आणि तसे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

स्थलांतराची कारणे

भारतातील चिनी वस्तीचा आरंभ सामान्यतः कलकत्त्यापासून सांगितला जातो. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने बजबजजवळ जमीन दिली. तेथे त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला व आपल्या देशाहून कामगार आणविले. त्याच्या नावावरून त्या गावाला आचीपूर हे नाव पडले. कलकत्त्याचे चिनी लोक आजही नववर्षाच्या सुमारास त्याच्या समाधीचे दर्शन घेण्यास जातात.

मुंबईचा ओघ निराळ्या मार्गाने आला. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू कँटनला जात असे व तिकडून रेशीम, चहा आणि चिनी मातीची भांडी येत. या जहाजांवर चिनी खलाशी, सुतार आणि आचारी काम करीत. एक खेप संपून दुसरी मिळेपर्यंत त्यांना बंदराजवळ राहावे लागे. पुढे चीनमधील परिस्थितीच बिघडत गेली. १८३९ ते १८४२ चे अफूयुद्ध, १८५० ते १८६४ चे ताइपिंग बंड आणि ग्वांगडुंग प्रांतातील स्थानिक व हक्का लोकांमधील रक्तपात यांनी दक्षिण चीनमधील शेतकरी देशोधडीला लागला. विसाव्या शतकात १९३७ च्या जपानी आक्रमणाने आणि १९४९ च्या राज्यक्रांतीने आणखी काही कुटुंबे बाहेर पडली. ज्या अफूच्या व्यापारावर मुंबईतील अनेक वाडे उभे राहिले, त्याच व्यापाराने पोखरलेल्या प्रांतांतून हे लोक मुंबईला आले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात आलेले सर्वच चिनी लोक आपखुशीने आले, असेही नाही. मलाया-सिंगापूरकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा झालेले चिनी व मलायी कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले जात. तेथील तुरुंग सुमारे १८३४ ते १८६४ पर्यंत चालू होता आणि त्यात साधारणतः १२० कैदी असत. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली जात. त्यांनी भाजीपाल्याचे मळे पिकविले आणि वेताच्या टोपल्या विणण्याची कला तेथे आणली. महाबळेश्वरच्या एका धबधब्याला आजही ‘चायनामन’चे नाव आहे. पर्यटक ते वाचतात, मात्र त्यामागील बेड्या कोणाला आठवत नाहीत.

माझगावचे देवालय

स्थलांतरित माणूस नव्या शहरात गेला की प्रथम आपल्या गावचा माणूस शोधतो. सोलापूरच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आपल्या शहराच्या पूर्व भागात माग बसविले, तेलुगु शाळा काढल्या, मार्कंडेयाचे मंदिर बांधले, आणि नारळी पौर्णिमेचा रथोत्सव हा अवघ्या शहराचा उत्सव होऊन बसला. मुंबईतील कामाठीपुरा हे नावही तेलंगणाकडून बांधकामासाठी गेलेल्या कामाठी मजुरांवरूनच पडले आहे. याच कामाठीपुऱ्यातील शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास आणि पूर्वेकडे गोदीलगतच्या माझगावात मुंबईच्या चिनी लोकांची वस्ती होती.

माझगावात डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच, नवाब टँक रोडवर एक लहानशी इमारत आहे. तिचे नाव ‘सी यप कून’. १९१९ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूचे नाव म्हणजेच तेथील लोकांच्या स्थलांतराचा इतिहास होय. ‘सी यप’ म्हणजे चार परगणे. ग्वांगडुंगमधील शिनहुइ, ताइशान, काइपिंग आणि एनपिंग या चार परगण्यांना मिळून हे नाव आहे. ‘कून’ म्हणजे सभागृह. चार परगण्यांच्या लोकांनी आपल्या खलाशांसाठी बांधलेले हे घर होते. तेथे उतरण्याची सोय होती, गावाकडची खबर मिळे आणि देवापुढे उदबत्ती लावता येई. धर्मशाळा, पंचायत आणि देवालय ही तिन्ही कामे एकच वास्तू करीत असे.

या देवालयाची मुख्य देवता क्वान कुंग हा इ. स. २२० च्या सुमारास मारला गेलेला एक सेनापती आहे. दिलेला शब्द पाळणारा म्हणून त्याची कीर्ती आहे, आणि म्हणूनच लेखी करारापेक्षा तोंडी विश्वासावर व्यवहार करणाऱ्या परदेशस्थ चिनी समाजाने त्याला आपला साक्षीदार मानले. चिनी बौद्ध परंपरेत तोच विहाराचा रक्षक मानला जातो. त्याच्याबरोबर येथे क्वान यिनचीही पूजा होते. ही क्वान यिन म्हणजे मूळची भारतीय बोधिसत्त्व अवलोकितेश्वर होय. चीनमध्ये काही शतकांच्या ओघात या बोधिसत्त्वाला स्त्रीरूप प्राप्त झाले.

येथे अभ्यासकाने क्षणभर थांबावे असा एक योग आहे. मुंबईच्याच कान्हेरी लेण्यांत आणि औरंगाबादच्या लेण्यांत संकटांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराची शिल्पे आहेत. त्या संकटांमध्ये बुडत्या जहाजाचे संकटही कोरलेले आहे. समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दानावर पोसलेल्या विहारांत हे शिल्प असावे, हे स्वाभाविकच होते. तीच श्रद्धा सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या कुमारजीवकृत चिनी भाषांतरातून चीनभर पसरली आणि सुमारे दीड हजार वर्षांनी कँटनच्या खलाशांबरोबर पुन्हा मुंबई बंदरात उतरली. आम्ही ज्या धम्माचा स्वीकार केला आहे त्यात तारणाऱ्या देवतेला स्थान नाही, हे खरे. तथापि ज्याला आपण परका म्हणतो त्याच्या हातात आपल्याच भूमीतील एखादी विसरलेली वस्तू असू शकते, एवढे या उदाहरणावरून निश्चित कळते.

देवालयाप्रमाणेच वस्तीला स्मशानही लागते. मुंबईच्या चिनी समाजाची दफनभूमी अँटॉप हिल येथे आहे. पूर्वी परदेशी मरण पावलेल्या चिनी माणसाची इच्छा अशी असे की आपल्या अस्थी तरी मायदेशी जाव्यात. ज्या दिवशी कुटुंबे आपल्या मृतांना कायमचे येथेच ठेवू लागली आणि दर वर्षी एप्रिलमध्ये चिंग मिंगच्या दिवशी त्यांच्या कबरी झाडून स्वच्छ करू लागली, त्या दिवशी ती मनाने मुंबईकर झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

व्यवसाय आणि जात

चिनी लोकांची व्यवसायवाटणी प्रांतागणिक होती. कँटनकडील लोक सुतारकाम व जहाजकाम करीत. हुबे प्रांतातील लोक दात बसविण्याचे काम करीत आणि शांडुंगचे लोक पाठीवर गाठोडे घेऊन रेशमी कापड विकत. हक्का लोक चामड्याच्या धंद्यात होते. ‘हक्का’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘पाहुणे’ असा आहे. आपल्या देशातही हे लोक उपरेच गणले गेले होते.

वरवर पाहता हे जातिव्यवस्थेसारखेच दिसते. परंतु दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. चिनी माणसाचा धंदा गाववाल्यांच्या ओळखीने ठरे, जन्माच्या शुद्धाशुद्धतेने नव्हे. दंतवैद्याच्या मुलाने उपाहारगृह काढले तर त्याला वाळीत टाकणारी पंचायत नव्हती. कलकत्त्याच्या टांगरा भागातील हक्का कारखानदारांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. चामडे कमावणे हे काम सवर्ण हिंदूंनी अपवित्र ठरविले होते. त्यामुळे त्या धंद्यात भांडवल घालण्यास ते धजावत नसत, आणि ज्यांच्या माथी ते काम मारले होते त्यांच्याजवळ भांडवल नव्हते. ही मोकळी जागा हक्का कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून भरून काढली. पहिल्या महायुद्धात बुटांची मागणी वाढली, तेव्हा हा धंदा फोफावला. पुढे टांगऱ्यात अशा कारखान्यांची संख्या तीनशेच्या आसपास पोहोचली.

मात्र या कारखान्यांत ओल्या कातड्यांना हात घालणारा मजूर कोण होता? तो बहुतांशी बिहारमधून आलेला, चर्मकार जातीत जन्मलेला मजूर होता. एकाच दुर्गंधीत दोघेही उभे होते. चिनी माणसाला त्या धंद्याने मालक केले, तर आपल्या माणसाला त्याच धंद्याने अस्पृश्य ठेवले. याचा अर्थ असा की कलंक चामड्यात नव्हता आणि कामातही नव्हता. जातिव्यवस्था श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच उतरंड रचते, या बाबासाहेबांच्या विश्लेषणाचा याहून ढळढळीत पुरावा क्वचितच सापडेल. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणास्तव हे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्यानंतर टांगऱ्यातील अनेक कुटुंबे उपाहारगृहांकडे वळली, तर कित्येक कॅनडात गेली.

१९६२ : जन्माचा अपराध

ऑक्टोबर १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध पेटले. २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली. त्यापाठोपाठ परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात बदल करण्यात आला. शत्रुराष्ट्राचा नागरिक असलेल्या माणसालाच नव्हे, तर ज्याच्या आईवडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणीही एके काळी त्या राष्ट्राचे नागरिक होते, अशालाही परकीय मानण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे येथेच जन्मलेल्या, कायद्याने भारतीय असलेल्या माणसाचीही सुटका नव्हती. त्याने काय केले हे विचारले जात नव्हते, त्याचा आजा कोठून आला हे पाहिले जात होते.

आसाम, दार्जिलिंग, शिलाँग अशा ठिकाणांहून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना पकडून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत वृद्ध होते, तान्ही मुलेही होती. आसाममधील माकुम या चहामळ्यांच्या गावातील चिनी वस्ती तर यात विखरून गेली. युद्ध एका महिन्यात, २१ नोव्हेंबरला थांबले. छावणीतील शेवटची माणसे मात्र १९६७ साली सुटली. १९६३ मध्ये दोन हजारांहून अधिक लोक जहाजांनी चीनला रवाना झाले. त्यांतील कित्येकांनी तो देश पूर्वी पाहिलाही नव्हता. जे मागे राहिले त्यांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागे आणि गाव सोडण्यासाठी परवानगी घ्यावी लागे. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, दुकाने बंद पडली. मुंबईतील वस्तीलाही याच काळात ओहोटी लागली. कुटुंबामागून कुटुंब परदेशी निघून गेले आणि शुक्लाजी स्ट्रीटवरील चिनी खुणा पुसल्या गेल्या.

डॉ. कोटणीसांच्या मृत्यूला त्या डिसेंबरात नेमकी वीस वर्षे पूर्ण होत होती. कोटणीसांनी चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला होता आणि मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले होते. त्या नावात ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. अशी दोन्ही देशांची नावे एकत्र वागविणारी मुले मुंबई-कलकत्त्यातही होती. त्यांच्या बाबतीत मात्र हे दुहेरी नाते संशयाचे कारण ठरले.

समारोप

या इतिहासावरून असे दिसते की परक्या भूमीत वस्ती रुजण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे काम, दुसरी म्हणजे आपल्या माणसांची संस्था, मग ती देवालयाच्या रूपात असो की स्मशानाच्या. या दोन्ही गोष्टी चिनी लोकांनी स्वतःच्या कष्टाने मिळविल्या. तिसरी गोष्ट म्हणजे आपलेपणाची मान्यता, आणि ती स्थलांतरिताच्या हाती नसते. ती शेजाऱ्यांनी व शासनाने द्यावयाची असते. सोलापूरच्या पूर्व भागाला ती मिळाली, म्हणून तो आज शहराचा अविभाज्य भाग आहे. माझगावला ती अर्धवट मिळाली आणि १९६२ साली हिरावून घेतली गेली.

सुत्तनिपातातील वसलसुत्तात भगवंतांनी माणसाची योग्यता जन्मावर नव्हे तर कर्मावर ठरविली आहे. आपण ते सुत्त ब्राह्मण्याविरुद्धचा पुरावा म्हणून सांगतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्यातील कसोटी सर्वांना सारखीच लागू होते. आजोबांच्या जन्मस्थानावरून नातवाला अपराधी ठरविणे हे जन्मावरून माणसाला हीन ठरविण्याचेच दुसरे रूप आहे. ज्या समाजाने जन्माचा शिक्का हजारो वर्षे कपाळी वागविला, त्याने तरी तो दुसऱ्याच्या कपाळी उमटताना ओळखला पाहिजे.

सोलापुरातही आज चौकाचौकांत ‘चायनीज’च्या गाड्या लागतात. तेथे मिळणारे मंचुरियन चीनमधील नव्हे. कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग यांनी ते १९७५ च्या सुमारास मुंबईत प्रथम तयार केले, असे सांगितले जाते. म्हणजे तो पदार्थ या वस्तीचाच, पर्यायाने आपलाच आहे. त्याला आपण कधीच परके मानले नाही. तो ज्यांच्या हातून आला त्या माणसांच्या वाट्याला मात्र तेवढे आपलेपण आले नाही.