ही कुंडी रिकामी नाही!

मित्रांनो, तुमच्या मागच्या अंगणात किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात एखादी अशी कुंडी नक्की असेल, की जिच्यात थंडीत काहीच दिसत नाही. माती वाळून कडक झालेली आणि वर दोन सुकलेली पानं. घरात साफसफाई निघाली की पहिली गदा येते ती अशा कुंडीवर. "यात काही नाही, ओतून टाक!" असं कुणीतरी म्हणतं आणि आपण ती ओततोसुद्धा. आज त्या कुंडीबद्दलच थोडं सांगायचंय. ओतण्याआधी वाचा, कारण मी आधी ओतली आणि मग शिकले!

ही गोष्ट १९९१च्या डिसेंबरातली. आम्ही तेव्हा चिपळूणला राहत होतो आणि मी सहावीत होते. बाबांनी मागच्या दाराशी नवी पायरी बांधायला काढली होती. गवंडीदादांना भरावासाठी माती कमी पडत होती. आजीचे तेलाचे पाच डबे तिथेच ओळीने मांडलेले होते. सगळे कोरडे, एकाही डब्यात हिरवं पान नाही. आजी गेली होती आत्याकडे. मग काय, मी पाचही डबे एकामागून एक भरावात उलटे केले! मातीतून कांद्यासारखं काहीतरी घरंगळलं, पण मला वाटलं, सडके कांदे असतील. संध्याकाळपर्यंत त्यावर सिमेंट पडलं.

संक्रांत झाल्यावर आजी परत आली. रिकामे डबे बघून ती थोडा वेळ उभीच राहिली. मग एवढंच म्हणाली, "मेलं नव्हतं गं ते. निजलं होतं."

ते होते मे फ्लॉवरचे कांदे. काही जण त्याला फुटबॉल लिली म्हणतात. तुम्ही पाहिलं असेल, मे महिन्याच्या शेवटी कोरड्या मातीतून अचानक एक जाड दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला लालभडक, चेंडूसारखं गोल फूल उमलतं. ते एक फूल नसतंच मुळी. शंभरच्या वर बारीक फुलं एकत्र येऊन तो चेंडू झालेला असतो. पानं मागाहून येतात, पावसाळाभर राहतात आणि थंडीत वाळून जातात. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण आपल्याकडच्या अंगणात इतकं रुळलंय की परकं वाटतच नाही. आजीने ते कांदे तिच्या माहेराहून आणले होते. ते माहेरचं घर केव्हाच विकलं गेलं होतं. आता तुमच्या लक्षात आलं असेल, मी काय करून बसले होते ते.

झाडं निजतात म्हणजे नेमकं काय होतं? झेंडू, तेरडा, कॉसमॉस ही एका हंगामाची झाडं. बी रुजतं, फूल येतं, बी धरतं आणि खेळ संपतो. त्यांना एकवर्षायू म्हणतात. वर्षानुवर्षं जगणारी ती बहुवर्षायू. त्यांत मोगरा-जास्वंदीसारखी वर्षभर डोळ्यांसमोर उभी राहणारी झुडपं आहेत, तशीच हळद, आळू, सोनटक्का, मे फ्लॉवर अशी जमिनीखाली घर करून राहणारीही आहेत. आपल्याकडे पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. या जमिनीखालच्या मंडळींनी त्यावर छान युक्ती काढली आहे. पावसाळ्यात पानं उन्हावर अन्न बनवतात आणि ते खाली कांद्यात किंवा गड्ड्यात साठवलं जातं. साठा भरला की पानं पिवळी पडतात. आपल्याला वाटतं झाड मेलं, पण ते खरं म्हणजे कोठाराचं दार लावून आत बसलेलं असतं.

म्हणूनच एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पिवळी पडू लागलेली पानं "घाण दिसतात" म्हणून हिरवी असतानाच कापायची नाहीत. त्यांतलं उरलंसुरलं अन्न खाली जात असतं. पूर्ण वाळली की हाताने नुसती ओढली तरी सुटून येतात. आई-बाबांनो, ही सूचना तुम्हांलासुद्धा आहे बरं का! कात्री घेऊन धावणाऱ्यांत मोठी माणसंच जास्त असतात.

हीच युक्ती सह्याद्रीच्या माथ्यावर बघायला मिळते. साताऱ्याजवळचं कासचं पठार उन्हाळ्यात बघाल तर नुसता काळा-तांबडा कातळ आणि वाळकं गवत. पश्चिम घाटाला २०१२मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात कासही आहे. तिथल्या फुलांपैकी कितीतरी झाडांचे कंद त्या वितभर मातीत उन्हाळाभर निजलेले असतात. गौरीच्या पूजेत तेरड्याबरोबर चवर लागते ना, ती रानहळदही त्यांतलीच.

आणि आपली घरची हळद? तिची तर आणखी गंमत आहे. हळदीला फूल येतं, पण रुजेल असं बी धरत नाही. गड्ड्याचा तुकडा लावायचा, त्याचं झाड होतं, त्या झाडाखालच्या गड्ड्याचा पुन्हा तुकडा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. म्हणजे तुमच्या कुंडीतली हळद हे नवं झाड नाहीच, कुण्या फार जुन्या झाडाचा तो एक तुकडा आहे. मला हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा भाजीवाल्या मावशींकडच्या ओल्या हळदीकडे मी नमस्कार केल्यासारखं बघितलं होतं!

लावायला हळदीइतकं सोपं दुसरं काही नाही. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास ओल्या हळदीचा बोटभर तुकडा घ्या. त्यावर एक-दोन फुगीर टोकं दिसतात, त्यांना डोळे म्हणतात. डोळा वर करून दोन इंच खोल पुरा. वाळवलेलं हळकुंड चालणार नाही हं, ते उकडलेलं असतं, त्यात जीव नसतो. कुंडी रुंद घ्या, तळाला भोक हवंच. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत आणि मूठभर वाळू. पाणी तुंबलं की गड्डे कुजतात. पाऊस सुरू झाला की पोपटी सुरळी वर येईल. श्रावणापर्यंत पानं मोठी झाली, की दोन-चार काढून पातोळ्यांना द्यायला हरकत नाही, पण सगळी ओरबाडू नका. जानेवारी-फेब्रुवारीत झाड वाळेल. तेव्हा खणून हळद काढा आणि एक चांगला गड्डा परत मातीत ठेवा.

आळवाला मात्र पाण्याचं वेड. आमच्याकडे न्हाणीचं पाणी जिथे जायचं तिथेच आळू असायचा. त्याची बाहेरची मोठी पानं तेवढी कापायची, मधली कोवळी सुरळी ठेवायची. आळू घशाला खाजतो तो त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. म्हणून तर आजी त्यात चिंच किंवा आमसूल टाकते आणि मऊ शिजवते. कर्दळीचा एक दांडा एकदाच फुलतो. फुलं संपली की तो बुडातून कापा, शेजारून नवा येतो. निशिगंधाच्या एका कंदाचंही तसंच आहे. तो फुलून गेला की पुढची फुलं त्याच्या पिल्लांना. मोगऱ्याची तऱ्हा उलटी. त्याला जपत बसलात तर फुलं कमी. डिसेंबरात पाणी तोडून जानेवारीत धीटपणे छाटला आणि खत-पाणी दिलं, तर उन्हाळ्यात नव्या फांद्या कळ्यांनी भरतात.

निजलेल्या कुंडीचं काय करायचं? काहीच नाही! सावलीत सरकवून ठेवायची आणि पाणी द्यायचं नाही. दया येऊन रोज झारी ओतली तर आतला कंद कुजतो. हां, एक काम आठवणीने करा. आइस्क्रीमची काडी घ्या, तिच्यावर पेन्सिलीने नाव लिहा आणि मातीत खोचून ठेवा. शाई पाण्याने जाते, पेन्सिल टिकते. माझ्या आजीच्या डब्यांत पाच काड्या असत्या, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

दोन-तीन वर्षांनी कुंडी पिल्लांनी गच्च भरते. मग पानं फुटायच्या आधी माती मोकळी करून ती हळूच वेगळी करायची. मे फ्लॉवरचा कांदा विषारी असतो, हे विसरू नका. तो खायच्या कांद्यांजवळ ठेवायचा नाही, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवायचा आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. लावताना त्याची मान मातीच्या वर डोकावू द्यायची. एक सांगून ठेवते, जागा बदललेली या झाडाला आवडत नाही. रुसून ते एखादं वर्ष फूल देत नाही.

हे मला कसं माहीत? सांगते. आजीचे डबे मी ओतले, त्यानंतरच्या एप्रिलात शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. हातात वर्तमानपत्राची पुडी. "आजी, हे तुमचेच. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही दिले होतेत, आठवतंय? आता माझ्याकडे पंधरा झालेत." पुडीत दोन कांदे होते. आजीने ते स्वतः लावले नाहीत, मला लावायला लावले.

त्या वर्षी नुसती पानं आली. मी रोज सकाळी जाऊन बघायचे आणि आजी म्हणायची, "बघून का फूल येतं?" दुसऱ्या वर्षी, १९९३च्या मे महिन्यात, एका डब्यातून दांडा वर आला. आजी त्याच नव्या पायरीवर बसून तो चेंडू उलगडताना बघत होती. मी विचारलं, "आता पिल्लं झाली की एक कांदा काकूंना परत द्यायचा ना?"

"काकूंकडे आहेत की भरपूर," आजी म्हणाली. "वरच्या आळीत नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांना दे. आणि एक नको, दोन दे."