गोठवून ठेवलेला सोमल

कॅनडातील नॉर्थवेस्ट टेरिटरीज या केंद्राधीन प्रदेशाच्या राजधानीत, यलोनाइफ येथे, ग्रेट स्लेव्ह सरोवराजवळ १९४८ ते २००४ या काळात ‘जायंट’ ही सोन्याची खाण चालली. तेथील सोने आर्सेनोपायराइट या खनिजात अडकलेले असल्यामुळे ते मोकळे करण्यासाठी दगड भट्टीत भाजावा लागे आणि त्यातून आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजेच सोमल, बाहेर पडे. आरंभी तो धुरांड्यातून थेट हवेत जाऊन बर्फावर बसे. त्या बर्फावाटे विषबाधा होऊन यलोनाइव्ह्ज डेने या मूळनिवासी समाजातील एक बालक १९५१ मध्ये दगावले. खाणीचा लाभ ज्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचला, त्यांनीच तिची सर्वांत मोठी किंमत मोजली, हे विसरता येत नाही.

पुढे ही विषारी भुकटी गोळा करून खाणीतील पोकळ्यांत भरली गेली. वर्षानुवर्षे गोठलेली राहणारी जमीन तिला कायम बंदिस्त ठेवील, हा त्यामागील विश्वास होता. परंतु खोदकामानेच ती जमीन उबदार होत गेली. सोमल पाण्यात विरघळतो, आणि अशी सुमारे २,३७,००० टन भुकटी आज तेथे साठलेली आहे. १९९९ मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत निघाल्यावर हा भार केंद्र सरकारवर, पर्यायाने करदात्यांवर, आला.

आता योजलेला उपाय पोकळ्यांभोवतीचा खडक पुन्हा गोठवण्याचा आहे. त्यासाठी थर्मोसायफन, म्हणजे दाबाखालील कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद उभ्या नळ्या, वापरतात. नळीच्या तळाशी असलेला द्रव खडकातील उष्णता शोषून वायुरूप होतो, वर चढतो, हिवाळ्यातील गार हवेत उष्णता सोडून पुन्हा द्रव बनतो व खाली उतरतो. या चक्राला वीज लागत नाही. मात्र बाहेरची थंडी हीच त्याची शक्ती असल्याने, उत्तर ध्रुवाकडील प्रदेश वेगाने तापत असताना या नळ्यांवर अखंड लक्ष ठेवणे अपरिहार्य ठरते. खाणीतील दूषित पाणी उपसून शुद्ध करण्याचे कामही थांबवता येणार नाही.

प्रकल्पाचा खर्च २०२२ च्या अंदाजानुसार ४.३८ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेला आहे. एवढे करूनही विष नष्ट होत नाही, केवळ जागच्या जागी रोखले जाते. म्हणूनच २०१४ मध्ये प्रकल्पास संमती देताना त्याची मुदत शंभर वर्षांपुरती मर्यादित करण्यात आली, दर वीस वर्षांनी फेरतपासणी बंधनकारक झाली, आणि २०१५ च्या करारान्वये नेमलेल्या स्वतंत्र देखरेख मंडळाकडे कायमस्वरूपी उपाय शोधणाऱ्या संशोधनाला साहाय्य करण्याचे काम सोपवण्यात आले.