पाटोदा किती वाढलं, हे कसं मोजायचं?

शहरांच्या वाढीवर संशोधन करायचं म्हटलं की आपण थेट पुणे नाहीतर नाशिक धरतो. माझा सल्ला जरा उलटा आहे. आधी एखादं छोटं गाव घ्या. बीड जिल्ह्यातलं पाटोदाच बघा ना. बालाघाटच्या रांगेतलं, मांजरसुंबा-जामखेड रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. आता इथे नगर पंचायत आहे. मोठ्या शहराच्या आकड्यात चूक झाकली जाते, इथे ती लगेच उघडी पडते.

सुरुवात उपग्रहापासून करू. लँडसॅट मालिका १९७२ पासून चालू आहे आणि तिची चित्रं २००८ पासून मोफत मिळतात. तिचा नेहमीचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर. आपल्या भाषेत जवळपास नऊ गुंठे! सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला. त्याचा १० मीटरचा पिक्सेल म्हणजे साधारण एक गुंठा. पण एका गुंठ्यात घर, अंगण, लिंबाचं झाड आणि गोठा असं सगळं मावतं. उपग्रहाला त्या सगळ्याचा मिळून एकच रंग दिसतो.

बांधकाम ओळखायला एनडीबीआय नावाचा निर्देशांक वापरतात. लघुतरंग अवरक्त किरणांच्या परावर्तनातून निकट अवरक्त वजा करायचं आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. बांधकामावर हा आकडा वाढतो. अडचण अशी, की कोरड्या उघड्या मातीवरही तो वाढतो. शिवाय सेंटिनेल-२ चे लघुतरंग पट्टे २० मीटरचे असतात. म्हणजे इथे तुमचा एक गुंठा चार गुंठ्यांचा झाला.

माझी पहिली चूक इथेच झाली. ढग नकोत म्हणून मी मे महिन्यातलं चित्र घेतलं. निकालात गाव चारी बाजूंनी फुगलेलं! दोन दिवस मी खुशीत होते. मग नीट पाहिलं तर ती सगळी नांगरून ठेवलेली रानं होती.

उपाय सोपा आहे. एकाच तारखेवर विसंबू नका, वर्षभरातली चित्रं घ्या. रान वर्षातून कधीतरी हिरवं होतं, स्लॅब कधीच होत नाही. पण २०१५ सारख्या दुष्काळी वर्षी रानही उघडंच राहू शकतं. त्यामुळे तुलनेची वर्षं निवडताना पाऊसपाणी आधी तपासा.

आता लोकांनी मिळून केलेला नकाशा, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये सुरू झालेल्या या नकाशात कुणीही भर घालू शकतं. शाळा कुठली, दवाखाना कुठला, पत्र्याचं शेड कुठलं, हे उपग्रहाला सांगता येत नाही. स्थानिक माणूस ते सांगतो. पण दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक, नकाशात घर नाही याचा अर्थ जमिनीवर घर नाही असा होत नाही. दोन, नकाशातली तारीख ही घर काढल्याची असते, बांधल्याची नाही. कुणी हौशी मंडळींनी एका रविवारी बसून शंभर घरं काढली, तर तुमच्या आलेखात त्या रविवारी गाव वाढलेलं दिसेल! म्हणून ‘कधी’ हे उपग्रहाला विचारा आणि ‘काय’ हे नकाशाला.

मग चपला घाला आणि बाहेर पडा. पडताळणीचे बिंदू संगणकाकडून यादृच्छिक निवडून घ्या. नुसते डांबरी रस्त्याकडेचे घेतले तर अचूकता खोटीच चांगली दिसते. घर कधी बांधलं असं विचारलं की लोक सन सांगत नाहीत, “थोरलीच्या लग्नाआधी” असं सांगतात. तेही चालतं, लग्नाचं साल घरात सगळ्यांना पाठ असतं.

आणि कुलूप दिसलं तर घाई करू नका. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपला की परततात. जानेवारीत तुम्ही त्या घराला रिकामं म्हणाल, उपग्रह मात्र त्याला घरच म्हणेल. माणसं परत येतात ती नेमकी उन्हाळ्यात, पाण्याची ओढ असताना. तुमच्या तक्त्यावरून कुणी पाण्याचा हिशेब मांडला, तर ती माणसं त्यात नसतील. छप्पर मोजणं आणि माणूस मोजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपण नक्की काय मोजतोय, हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहा.

आज एवढंच करा. ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतःची गल्ली उघडा आणि किती घरं सुटलीत ते मोजा. तुमच्या संशोधनाची पहिली नोंद तीच.